नावाआधीची शांतता

त्या नाटकाची संहिता एकतीस वर्षांत तीनदा शिवून झाली होती. दोरा दर वेळी वेगळ्या रंगाचा, पाने मात्र तीच. कडांना तपकिरी पडलेली, आणि प्रत्येक पानाच्या समासात शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा. शब्दाखाली रेघ असेल तर तिथे नट अडखळतो. वर्तुळ असेल तर वाक्याचा शेवट गिळतो. आणि ओळीने मारलेले ठिपके असतील तर तिथे तो गप्प राहतो. जितके ठिपके, तितके श्वास. डाव्या विंगेतल्या तिपाईवर बसून, मांडीवर ही वही उघडी ठेवून, प्रॉम्प्टरने एकतीस वर्षे डोळ्यांत तेल घालून ती सांभाळली होती. त्याआधी तो एका छापखान्यात मुद्रिते तपासत असे. छापखाना बंद पडला तेव्हा त्याच्या ताईने त्याला आपल्या नवऱ्याच्या नाटक कंपनीत अक्षरशः ढकलले. मोठ्याने बोलायची वेळ आली की ज्याच्या घशात कापूस भरे, अशा माणसाला कुजबुजण्याचा पगार मिळू शकतो, हे तोवर त्याच्या गावीही नव्हते.

ताईचे यजमान म्हणजे दाजी. ते त्याचे दाजी म्हणून हळूहळू साऱ्या कंपनीचेच दाजी झाले होते. त्यांनी जन्मभर पुष्कळ भूमिका केल्या, पण लोक त्यांना ओळखत ते एकाच भूमिकेसाठी. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन नाटकातला तो नगरलेखनिक. तटबंदीचे एक जुने शहर. त्या शहराचा नियम असा की शिक्षा कितीही लेखी झाली, तरी चौकात गुन्हेगाराचे नाव मोठ्याने वाचले जाईपर्यंत ती लागू होत नाही. ते वाचण्याचे काम लेखनिकाचे. शेवटच्या प्रवेशात त्याच्या हाती मोहोरबंद कागद येतो. तो सगळ्यांसमक्ष लाख फोडतो, गुन्हा वाचतो, साक्षी वाचतो, शिक्षा वाचतो, आणि नावापाशी येतो तेव्हा ते त्याच्या धाकट्या भावाचे असते.

नाटककाराने तिथे काहीच सूचना लिहिलेली नाही. फक्त एक आडवी रेघ ओढली आहे. त्या रेघेत दाजी सात श्वास राहत.

पहिल्या दोन श्वासांत प्रेक्षकांना वाटे, कागदावरचे अक्षर लागत नसावे. तिसऱ्याला ते समजून चुकत. पाचव्याला बाल्कनीतला शेवटचा खोकला थांबे. सहाव्याला प्रॉम्प्टरला वाटे, दर प्रयोगाला, न चुकता, की या वेळी लेखनिक नाव घेणारच नाही आणि दोनशे वर्षांनी तो भाऊ सुटेल. सातव्याला दाजी ते दोन अक्षरी नाव घेत. मग पडदा. वहीत त्या जागी सात ठिपके होते आणि त्यांच्यापुढे रिकामा समास, कारण तिथे शब्द देण्याची वेळ कधी आलीच नव्हती.

एरवीही दाजींना शब्द द्यावा लागला तो एकदाच, अकरा वर्षांपूर्वी. अंगात ताप होता आणि दुसऱ्या अंकात एक ओळ सटकली. त्या क्षणी त्यांचा डावा अंगठा तर्जनीच्या कडेवरून हळूच फिरू लागला होता, कापडाचा पोत बघावा तसा. प्रॉम्प्टरने ओळ दिली, त्यांनी ती उचलली, कुणाला पत्ता लागला नाही. तेव्हापासून तो दाजींच्या ओठांकडे पाहत नसे. अंगठ्याकडे पाही.

नाटकाचा सिनेमा करण्याची कल्पना घेऊन आलेली दिग्दर्शिका पस्तिशीची होती आणि बोलताना पेनाचे टोपण सारखे उघडमीट करी. दाजींच्या बैठकीच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसून ती म्हणाली, “नऊ वर्षांची असताना बघितलं मी हे नाटक. अर्धं कळलंही नाही. पण तुम्ही गप्प झालात ना, तेव्हा मी शेजारी बसलेल्या धाकट्या भावाचा हात धरला. तो म्हणाला, सोड, चिमटा बसतोय.”

दाजी हसले. इतक्या वर्षांत आपल्याबद्दल लिहिले गेलेले एकही परीक्षण त्यांनी इतक्या लक्षपूर्वक ऐकले नसावे.

“करू,” ते म्हणाले. “पण माझा शालक बरोबर येईल.”

“सिनेमात प्रॉम्प्टर लागत नाही हो, दाजी. अडलं तर थांबायचं, पुन्हा घ्यायचं.”

“ते असू दे. पण त्याला घरी सोडला तर माझी बायको त्याच्याकडून सगळी कपाटं आवरून घेईल. दया म्हणून तरी न्या.”

त्या विनोदामागे काय होते ते प्रॉम्प्टरला दोन दिवसांनी कळले. ताईने त्याला सकाळी बोलावून घेतले. दाजी फिरायला गेले होते. ओट्यावर कप पालथे घालता घालता, त्याच्याकडे न पाहता ती बोलू लागली.

“गेल्या महिन्यात यांनी चष्मा मोज्यांच्या खणात ठेवला आणि घरभर शोधला. मी हसले. मग फाटकापाशी उभे राहिले, कुठे निघालो होतो म्हणून विचारायला परत आले. तेव्हाही हसले मी. परवा मला ‘अगं’ म्हणाले आणि पुढे थांबले.” तिने कप उगाचच सरळ केला, पुन्हा पालथा घातला. “माझं नाव शोधत होते रे.”

“डॉक्टरांना दाखवलंस?”

“दाखवलं. सुरुवात आहे म्हणाले. यांना ठाऊक आहे, पण बोलत नाहीत. मी पण नाही बोलत. तू तर जन्मात कधी बोलला नाहीस, म्हणून तुला सांगतेय.” मग तिने त्याच्याकडे पाहिले. “हा सिनेमा तेवढा नीट पार पडू दे. लोकांसमोर त्यांना तोंडघशी पडू देऊ नकोस.”

“नाही पडू देणार,” तो म्हणाला, आणि आपण हे नेहमीपेक्षा मोठ्याने बोललो असे त्याला वाटले.

चित्रीकरण एका बंद पडलेल्या दोरखंडाच्या कारखान्यात होते. कारखान्याच्या फरसबंद अंगणाचा त्या लोकांनी चौक केला होता, आणि प्रॉम्प्टरला मनातल्या मनात कबूल करावे लागले की असा चौक त्याने कधी पाहिला नव्हता. रंगमंचावर एकतीस वर्षे शहर म्हणजे रंगवलेला पडदा आणि एक कमान. इथे उंबरे पावलांनी झिजलेले, बेकरीच्या धुराड्याखाली काजळी धरलेली. एक मुलगी फीत घेऊन भिंगापासून दाजींच्या डोळ्यापर्यंतचे अंतर मोजे. गालापर्यंत नाही, डोळ्यापर्यंत. पाट्या रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्याने बोरूने शिक्षेचा कागद लिहिला होता, जुन्या टोकदार जर्मन अक्षरांत, खाली खरी लाख.

दाजींनी तो कागद उजेडात धरला. “बघ शालकराव. इतकी वर्षं कोरा कागद घडाघडा वाचला. आता लिहिलेला दिलाय तर एक अक्षर लागत नाही.”

सगळे हसले. प्रॉम्प्टरही हसला. पण चौथ्या दिवसापर्यंत हसण्यासारखे काही उरले नाही. सिनेमात प्रवेश ओळीने येत नाहीत. सकाळी सातवा, दुपारी दुसरा, त्यातही दुसऱ्याचा उत्तरार्ध आधी. दाजी मध्येच थांबू लागले. एका साध्या वाक्यासाठी, ‘दिवा आत घे’ एवढ्याशा, अकरा टेक झाले. कॅमेऱ्यामागची माणसे आपापल्या बुटांकडे पाहू लागली आणि दिग्दर्शिका फार नम्र झाली. ती नम्रता प्रॉम्प्टरला सर्वांत वाईट वाटली.

रंगपटाच्या खोलीत दाजी आरशाकडे पाठ करून बसले होते.

“वाक्य असतं रे,” ते म्हणाले. “पण त्याच्यापर्यंत यायचं कुठून, ते सापडत नाही. नाटकात कसं, मागचा प्रवेश पाठीवर घेऊन दारातून आत शिरायचो. इथे सकाळी सातला चहा देतात आणि म्हणतात, तुमचं घर आत्ताच जळलंय, चला.”

ते वाक्य प्रॉम्प्टरच्या डोक्यात दिवसभर घोळत राहिले, आणि संध्याकाळच्या आत त्याने आयुष्यात प्रथमच स्वतः होऊन एका अधिकारी माणसाकडे जाऊन काही मागितले.

“बाई, उद्या चौकातला प्रवेश आहे. त्याच्या आधी मला एक तास पन्नास मिनिटं हवीत. दाजी आणि मी. दुसरं कुणी नको.”

“कशासाठी, काका? आणि मला बाई नका म्हणू, मी घाबरते.”

“पहिल्या वाक्यापासून सगळं नाटक म्हणायला. त्यांना सलग लागतं.”

टोपण दोनदा उघडले, मिटले. उद्याचा दिवस तिला एकदाच मिळणार होता. दोनशे माणसे गर्दीसाठी बोलावलेली, आणि हवा तसा तिरपा उजेड अंगणात फक्त चार ते पाच. “चार वाजता मला दाजी चौकात हवेत,” ती म्हणाली. “दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू करा. मधे कुणी हाक मारणार नाही, मी बघते.”

कारखान्याच्या मागे दोर वळण्याची एक लांबलचक शेड होती. एका टोकाला उभे राहिले तर दुसऱ्या टोकाचा माणूस बाहुलीएवढा दिसावा. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन दहाला ते दोघे तिथे चालू लागले. प्रॉम्प्टरच्या हातात वही होती, पण त्याने ती उघडली नाही. न्यायाधीश तो झाला, बेकरीवाली विधवा तो झाला, पहारेकरीही तोच. घशातला कापूस कुठे गेला कुणास ठाऊक. शेडच्या चौथ्या फेरीला तो धाकटा भाऊ झाला. तिसऱ्या अंकात हा भाऊ लेखनिकाकडे येतो आणि गमतीने विचारतो, की माझ्यावर पाळी आली तर माझे नाव नीट वाचशील ना. ते वाक्य त्याने वहीत हजार वेळा वाचले होते. उच्चारले प्रथमच. दाजी चालता चालता थांबले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पुढचे वाक्य असे म्हणाले की त्याला क्षणभर आपण कोण ते कळेना.

एकशे दहा मिनिटांत दाजी एकदाही अडखळले नाहीत. अंगठा शांत होता. चार वाजता शेडच्या दारातून ते बाहेर पडले तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला नट नव्हता. त्या शहराचा, त्या दिवसाचा लेखनिक अंगणात आला होता, आणि दोनशे माणसांनी कुणी न सांगता वाट करून दिली.

प्रॉम्प्टर सवयीने डावीकडे गेला. पाव विकणाऱ्याची एक गाडी होती, दाजींपासून सहा पावलांवर. तिच्या आड तो उभा राहिला. कुणी हटकले नाही.

लाख फुटल्याचा आवाज झाला. गुन्हा. साक्षी. शिक्षा. दाजींचा आवाज चढला नाही, पडला नाही. कागद वाचणाऱ्या माणसाला शोभेल तेवढाच राहिला. मग ते थांबले.

प्रॉम्प्टर मोजत होता. पाच. सहा. सात.

आठ.

कॅमेरा हळूहळू पुढे सरकत होता. नऊ. उजेड कागदावरून दाजींच्या मनगटावर आला होता, आणि त्या उजेडात डावा अंगठा तर्जनीच्या कडेवरून फिरू लागला.

पुढे जे झाले ते त्याने ठरवून केले नाही. हा सिनेमा आहे, इथे थांबता येते, पुन्हा घेता येते, यातले काहीच त्याच्या मनात आले नाही. दहाव्या श्वासाला त्याने ते दोन अक्षरी नाव दिले. एकतीस वर्षे शब्द देत आला होता तसेच, ओठ न हलवता, नटाच्या कानाच्या दिशेने. पण तिथे लाकडी रंगमंच नव्हता. दोनशे माणसे श्वास रोखून उभी असलेले दगडी अंगण होते.

दाजींनी मान वर केली. आवाज आला त्या दिशेला त्यांनी पाहिले नाही. गर्दीकडे पाहिले, एकेका चेहऱ्याकडे, जणू म्हणत होते, तुम्हाला सगळ्यांना आधीच ठाऊक होते तर. आणि मग त्यांनी नाव घेतले. चौकात वाचावे तसे नाही. अंगणात खेळणाऱ्या भावाला घरात बोलवावे तसे.

“कट.”

ध्वनिमुद्रकाने कानांवरचे हेडफोन मागे सारले. “मागून कुणीतरी बोललं. स्वच्छ आलंय.”

माना वळल्या. प्रॉम्प्टर वही छातीशी धरून गाडीमागून पुढे आला. दाजी कागदाची घडी घालत होते, कडेशी कड जुळवून, फार सावकाश. तोंडघशी पडू देऊ नकोस, ताई म्हणाली होती. प्रॉम्प्टरच्या धंद्यात एकच पाप असते. नट थांबला असता तो विसरला समजून शब्द देणे. ज्याच्याकडून ते एकदा घडले, त्याला पुढे कुणी विंगेत बसू देत नाही.

“माझी चूक,” तो म्हणाला. “दाजी मुद्दाम थांबले होते. मला वाटलं, अडले. मी घाई केली.”

“एकतीस वर्षांचा अनुभव ना, काका?” दिवे सांभाळणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणाले, आणि थोडे हसू पसरले. दाजींनी एकदा त्याच्याकडे पाहिले. ओठ हलल्यासारखे झाले. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि पुन्हा उभे राहण्याची जागा कुठली, ते विचारले.

दुसरा टेक झाला तेव्हा प्रॉम्प्टरला फाटकाबाहेर बसवले होते. सात श्वास, स्वच्छ नाव, कुठे काही खोट नाही. परतताना गाडीत दाजी बाहेर पाहत राहिले. घर जवळ आल्यावर एवढेच म्हणाले, “शालकराव, काच वर कर. वारा लागतोय.”

पाच महिन्यांनी एका दुपारी दिग्दर्शिकेने त्याला संकलनाच्या खोलीत बोलावले. खोली लहान होती, भिंतींना जाड कापड लावलेले, टेबलावर गार झालेला चहा. ध्वनिमुद्रकही होता.

“आधी दुसरा टेक दाखवते,” ती म्हणाली. मग पहिला लावला.

प्रॉम्प्टरच्या ध्यानात एक गोष्ट आली. एकतीस वर्षे तो डाव्या विंगेत बसला. त्या शांततेत त्याने दाजींचा कान पाहिला होता, जबड्याची कड, खांदा, हात. चेहरा कधी पाहिलाच नव्हता. ज्यासाठी लोक तिकीट काढून येत, ते त्याला पहिल्यांदा दिसत होते, हातभर अंतरावरून. दुसऱ्या टेकमध्ये लेखनिकाला भावाचे नाव ठाऊक होते आणि ते घेणे त्याच्या जिवावर आले होते. ते उत्तम होते. पण पहिल्यात तो माणूस जगातली सगळी नावे हरवून बसला होता. डोळे कागदावर होते आणि कागदात काहीच नव्हते. नवव्या श्वासाला त्या चेहऱ्यावर जी भीती उमटली, ती कुठल्याही नटाला ठरवून आणता आली नसती. मग कुठूनशी कुजबुज आली, आणि भीती ओसरून तिथे दुःख आले. किती मोठा नट, प्रॉम्प्टरला वाटले. पायांखालची जमीन सरकली असताना जे हाती लागले, तेही त्याने त्या लेखनिकालाच देऊन टाकले.

“तो आवाज काढून टाकता येत नाही का?” त्याने विचारले.

ध्वनिमुद्रकाने नकारार्थी मान हलवली. “आठ दिवस झटलो. तुम्ही बोललात त्याच क्षणी दाजींनी श्वास घेतलाय. दोन्ही एकमेकांत मुरलेत. तुमचा आवाज काढला की त्यांचा श्वासही जातो, आणि तो श्वास गेला की काही उरत नाही.”

“मला हाच टेक हवाय,” दिग्दर्शिका म्हणाली. “गावातलं कुणीतरी कुजबुजलं असं वाटतं. पण लोक विचारतील, काका. आणि मी खोटं सांगणार नाही. तुमची हरकत असेल तर दुसरा लावते.”

त्याच्याकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि तीही कुणाला दिसण्यासारखी नव्हती. वेळेआधी त्याने कधी शब्द दिला नव्हता. पडद्यावर दाजींचा चेहरा थांबवून ठेवला होता. हा चेहरा आता दाजींना स्वतःलाही पुन्हा सापडणार नव्हता.

“राहू दे,” तो म्हणाला. “चुकीसकट राहू दे.”

तिने टोपण मिटले. “चूकच होती ना, काका?”

“चूकच.”

सिनेमाचा पहिला खेळ त्यांच्याच नाट्यगृहात, रविवारी दुपारी ठेवला होता. कंपनीतले जुने लोक आले, लिहिणारे आले, बाल्कनीसुद्धा भरली. तिसऱ्या रांगेत ताई मध्ये, एका बाजूला दाजी, दुसऱ्या बाजूला प्रॉम्प्टर. या इमारतीत प्रेक्षकांच्या खुर्चीवर तो आजवर बसला नव्हता. ती त्याला अवघड वाटली. दाजींनी दोनदा ताईला विचारले, आपण कुणाच्या लग्नाला आलोय का. दोन्ही वेळा ती म्हणाली, “तुमचा सिनेमा आहे,” आणि दोन्ही वेळा त्यांना आनंद झाला.

मग ती शांतता आली. प्रॉम्प्टरने मोजले नाही. दहाव्या श्वासाला त्याचा आवाज चारी भिंतींतून आला, त्याला त्याच्या सबंध आयुष्यात मिळाला नव्हता एवढा मोठा, आणि बाल्कनीत कुणीतरी हुंदका दिला. दाजी पुढे झुकून पाहत होते, एखाद्या दुसऱ्या मोठ्या नटाचे काम पाहावे तसे.

दिवे लागले, टाळ्या बऱ्याच वेळाने थांबल्या, दिग्दर्शिका मंचावर आली. पाचव्या रांगेतल्या एका गृहस्थांनी उभे राहून विचारले, “नावाच्या आधी ती कुजबुज येते, ती कल्पना फार सुंदर आहे. मूळ जर्मन नाटकात आहे का हो?”

“नाही,” ती म्हणाली, आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिले. “खरं सांगते. ते आमचे प्रॉम्प्टरकाका. सवयीने बोलून गेले. अपघात आहे तो, आणि मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.”

हसू उमटले, मायेचे होते, पण हसूच. प्रॉम्प्टर खुर्चीच्या हातावरचा एक खिळा न्याहाळू लागला.

“चूक त्याची नाही.”

दाजी उभे राहिले होते. ताईने त्यांचा कोट धरला, मग सोडला.

“तो चुकला नाही,” ते म्हणाले. आवाज जुनाच होता, मागच्या भिंतीपर्यंत पोहोचणारा. “मी विसरलो होतो. कागद हातात, कॅमेरा समोर, आणि पाटी कोरी. गेलं वर्षभर मी विसरतोय; आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्या दिवशी यानं मला नाव दिलं, आणि वर सगळ्यांसमोर म्हणाला, माझी चूक. मी ऐकून घेतलं. गप्प बसलो. तेवढं मात्र विसरलो नाही. एकतीस वर्षांत या माणसानं एकदाही वेळेआधी शब्द दिलेला नाही. हे आज सांगून टाकतो. उद्या माझ्या लक्षात असेलच असं नाही.”

दिग्दर्शिकेच्या हातातले टोपण खाली पडले, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“जरा उभा राहा रे,” दाजी म्हणाले. प्रॉम्प्टर उभा राहिला. दाजींनी ताईच्या डोक्यावरून हात लांब करून त्याचा खांदा धरला आणि लोकांकडे तोंड केले. “माझ्या बायकोचा भाऊ हा. याचं नाव...”

आणि ते थांबले.

एक श्वास. लोक हसून वाट पाहत होते. थोर नटाचे थांबणे त्यांच्या ओळखीचे होते. दोन. तीन. ताईने मान खाली घातली. प्रॉम्प्टर दाजींकडे पाहत होता, आज समोरून, चेहऱ्याकडे. पण मग सवयीने त्याची नजर खाली, त्यांच्या मोकळ्या डाव्या हाताकडे गेली. चार. पाच. वेळेआधी शब्द देणाऱ्यांतला तो नव्हता. सहा. अंगठा तर्जनीच्या कडेवरून हळूच फिरला.

आजवर त्याने राजांची नावे दिली होती, सरदारांची, खुन्यांची, दोनशे वर्षांपूर्वीच्या एका धाकट्या भावाचे नाव दिले होते. स्वतःचे कधी द्यावे लागले नव्हते. ते त्याला जरा परके वाटले. त्याने ओठ न हलवता, दाजींच्या कानाच्या दिशेने, ते दिले.

दाजींनी मान वर केली, आणि ते नाव बाल्कनीच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असे, मोठ्याने वाचले.